गालाची जागा

एवढासा डाग. अंगठ्याच्या पेराएवढा, आणि तोही चुकीच्या जागी. अक्रोडाच्या दस्त्यावरची तेलाची झिलई तिथे उडून गेली होती, खालचं लाकूड फिकट, उघडं पडलं होतं, आणि गार्बिन्ये कधीपासून त्यावरून बोट फिरवत होती, पुढे नेत होती, परत मागे आणत होती... इथे कसा? चाळीस वर्षं बंदुकीचे दस्ते घडवणाऱ्या बाईला शिकारी ओळखायला त्याचा चेहरा लागत नाही. गाल टेकून टेकून त्याने पाडलेला डाग पुरतो. लठ्ठ माणसाचा डाग रुंद असतो, घाबरटाचा पुसट, आणि ज्याची बायको त्याला दर रविवारी घराबाहेर पिटाळते त्याचा – असं वडील म्हणायचे – सगळ्यांत ठळक. पण सगळ्यांचे डाग एकाच पट्ट्यात, वरच्या कडेपाशी. हा मात्र दोन बोटं मागे आणि खाली. जिथे गाल नाही, जबडा टेकतो.

म्हणजे डोळा नळ्यांच्या बराच वर राहतो. म्हणजे छर्रे पक्ष्याच्या डोक्यावरून जातात. दर वेळी.

"कापता येईल ना?" समोरची मुलगी पुन्हा विचारत होती. "आजोबा उंच होते. मला दोन सेंटिमीटर तरी लांब पडतो."

नहिकारी तिचं नाव. वरच्या एल्गेटा गावाहून आली होती, गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायची; बुटांना अजून गोठ्यातलं काहीतरी चिकटलेलं होतं. आजोबा, इलारियो, वसंतात गेले होते आणि ही दुनळी तिच्या वाट्याला आली होती, कारण घरात दुसऱ्या कोणालाच ती नको होती.

"नेमबाज कसे होते?" गार्बिन्येने सहज विचारल्यासारखं विचारलं.

नहिकारी हसत सुटली. "सदतीस वर्षं दर रविवारी रानात! आणि घरी काय आणलं? अळंबी. आजी म्हणायची, बंदुकीऐवजी एक मोठी टोपली घेतली असती या माणसाने तर आज आमचं दुकान असतं."

गार्बिन्येनेही हसून घेतलं. मग मळसूत्र फिरवून दस्त्याच्या टोकाची पट्टी काढली आणि लाकडाच्या कोऱ्या छेदावर, जिथे गिऱ्हाइकाची नजर कधी जात नाही तिथे, पेन्सिलीने लिहिलेलं पाहिलं : अ. उ., १९६४. हात पाहताक्षणीच ओळखला होता, नुसती खात्री करायची होती. अम्ब्रोसिओ, तिचे वडील. ते टेप लावत नसत. आलेल्या माणसाला झाडूचा दांडा खांद्याला लावायला सांगायचे, एकदा समोरून, एकदा बाजूने पाहायचे, आणि पाठ फिरवून लाकूड निवडायला लागायचे. दूरच्या बुर्गोस शहराहून माणसं यायची त्या एका नजरेसाठी. घरात वडिलांना दुसरा कसला गर्व नव्हता. आणि ती? ती त्यांच्या नजरेवरच तर जगत आली... अजूनही लोक दार ढकलून विचारतात, अम्ब्रोसिओची मुलगी तूच का?

खालच्या मजल्यावरच्या व्यायामशाळेतलं संगीत जमिनीतून धडधडत वर येत होतं. तिच्या लहानपणी या जिन्यात पाच कारखाने होते, एकेका खोलीचे, आणि सकाळी हे एइबार गाव जागं व्हायचं ते कानशींच्या आवाजाने – हजार कानशी, वेगवेगळ्या दातांच्या – आणि मोसमातल्या रविवारी डोंगराच्या वाटेला माणसांपेक्षा कुत्री जास्त असायची. आता त्याच वाटेने भडक कपडे घातलेली तरुण माणसं घड्याळ बघत धावतात. जे थोडे शिकारीला जातात त्यांना एकावर एक नळ्यांची, यंत्रातून निघालेली बंदूक हवी असते. शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी म्हणजे म्हाताऱ्यांची, भिंतीवर टांगायची. मात्र गेल्या तीनेक वर्षांत काहीतरी विचित्र चाललं होतं. एक पोरगा आला, मग दोन मुली, मग आणखी एक. प्रत्येकाच्या हातात आजोबांची दुनळी, आणि प्रत्येकाचं तेच – हिला माझ्या मापाची करून द्या. का बरं? तिने कधी विचारलं नव्हतं.

"का गं?" तिने आज विचारलं.

"माझ्या मैत्रिणीही हेच विचारतात, शिकारीला का जातेस म्हणून. कोंबडीच्या तंगड्या चघळत." नहिकारीने खांदे उडवले. "काय सांगू... कुत्री उभी राहते ना, पाय उचलून, तेव्हा पुढे झुडपात काय आहे ते तिला कळलेलं असतं, मला नसतं. तेवढ्या एका घटकेसाठी जाते मी."

तेवढ्यात एउस्ताकियो आला. ऐंशी पार केलेला, एके काळी वडिलांच्या दस्त्यांना नळ्या जुळवणारा, आणि अजून रोज अकराला इथे कॉफी पिणारा. त्याने बंदुकीकडे एकदाच पाहिलं.

"इलारियोची! अरे देवा. तो गेला तेव्हा एल्गेटातल्या पाखरांनी सुतक पाळलं असेल."

"आजोबा आहेत हो माझे," नहिकारी म्हणाली, पण हसतच.

"असू देत की. चांगलाच होता बिचारा, पाखरांना तर फारच चांगला." आणि मग गार्बिन्येकडे वळून, कपात साखर ढवळत, "मी तुझ्या बापाला म्हटलं होतं, अम्ब्रोसिओ, हा एक दस्ता तुझ्या हातून बिघडला. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी."

आठवडाभर... चूक उमगली म्हणून, की लोकांना ती चूक वाटतेय हे पाहून? वडील कशाकशावर गप्प बसत ते तिने आठवून पाहिलं. आई गेली तेव्हा गप्प बसले. कारखाने बंद पडत होते तेव्हा गप्प बसले. एखादी मस्त गंमत मनात दडवायची असली तरीही गप्पच बसायचे. शांतता एकच, आणि आत काय आहे ते कोणी सांगावं! आणि मी, जी त्यांच्याजवळ बसून पटाशी धरायला शिकले, मीही सांगू शकत नाही.

"आज जाणार आहेस रानात?" आपण हे काय विचारतो आहोत, हे तिला विचारून झाल्यावर कळलं.

"दुपारी. येता?" मुलगी थबकली. "तुम्ही कधी गेलाच असाल म्हणा."

"कधीच नाही," गार्बिन्ये म्हणाली. एउस्ताकियोचा चमचा थांबला.

*

रानात बीच नावाच्या उंच झाडांखाली पाचोळा घोट्याएवढा साचला होता. नहिकारीच्या हातात मामाची एकावर एक नळ्यांची बंदूक, भरलेली; गार्बिन्येच्या हातात इलारियोची, रिकामी. कापायच्या आधी ती हातात धरून चालून बघायचं, एवढंच तिने सांगितलं होतं. पुढे चिस्पा नावाची ठिपकेवाली कुत्री, गळ्यात घंटा, आणि ती घंटा चढावर, ओढ्यात, काटेरी झुडपांमागे किणकिणत फिरत होती. घंटा ऐकत चालायचं, बोलायचं नाही. वाटेत एका बुंध्याशी पिवळी अळंबी होती. गार्बिन्येने ती पाहिली आणि न वाकता पुढे गेली.

घंटा थांबली.

असं काही असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आवाज थांबल्याबरोबर सगळं रान एका जागी गोळा झाल्यासारखं वाटलं. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं. कुठे? नहिकारीने हनुवटीने दाखवलं. चिस्पा दगड झाली होती, आणि तिच्या नाकापुढे नुसता पाचोळा, तपकिरी, करडा, ओला... आणि मग त्याच पाचोळ्याला पंख फुटले.

ओयलागोर, पाचोळ्यात दडून बसणारा तो रानपक्षी. चाळीस वर्षांत तिने तो ताटात पाहिला होता, बंदुकीवरच्या चांदीच्या पट्टीवर कोरलेला पाहिला होता. हात आपोआप उठले, दस्ता खांद्यात बसला, गाल खाली आला. आणि नळ्यांच्या टोकाशी एक धूसर ठिपका सरकत होता, बस्स. पक्षी नव्हताच. होती ती एक दिशा. म्हणजे आयुष्यभर आपण जो गाल बसवत आलो, तो माणसाला हे एवढंच दाखवण्यासाठी? तिने डोकं उचललं. जाणूनबुजून उचललं नाही, मानेनेच उचललं. जबडा लाकडावर टेकला आणि सगळा पक्षी दिसला : लांब चोच खाली झुकलेली, डोक्यात फार मागे बसवलेला तो मोठा काळा डोळा, पोटावरच्या आडव्या रेघा, फांद्यांतून अंग तिरकं करून निसटणं...

हेच. हेच पाहत होता की काय हा माणूस, सदतीस वर्षं? आणि वडिलांनी त्या झाडूच्या दांड्यामागे हे ओळखलं असेल, आणि त्याला पाहता यावं असा दस्ता घडवून गप्प बसले असतील? की ही सगळी मुलीने बापासाठी रचलेली सारवासारव?

बार झाला. पक्षी हवेतच दुमडला आणि पडला.

"पाहिलंत?" नहिकारीचा चेहरा फुलला होता, डोळ्यांत मात्र पाणी होतं. चिस्पाने आणलेला पक्षी तिने दोन्ही हातांत घेतला, पंख नीट मिटवले. "दर वेळी असंच होतं माझं. आनंदही होतो आणि... हसू नका."

"नाही हसत."

पण गार्बिन्येचं लक्ष दुसरीकडेच होतं. बार व्हायच्या किंचित आधी आणखी एक आवाज झाला होता. बारीक, कोरडा, अगदी कानाशी. तिच्या दुनळीतला. जिने आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावलं, रिकाम्या बंदुकीचा चाप ओढू नका, आतली सुई तुटते, तिच्याच बोटाने ओढला होता. डोकं वर होतं, सगळा पक्षी दिसत होता, डोळा दिसत होता – आणि तरी ओढला. की म्हणूनच?

"मग, कापायचा ना दस्ता?" नहिकारीने विचारलं.

गार्बिन्येने दुनळी बगलेत धरली. उजव्या हाताचं पहिलं बोट ती डाव्या हाताने चोळत होती, जणू ते दुसऱ्याच कोणाचं असावं आणि नुकतंच ओळखीचं व्हायला लागलं असावं.

"सोड तिला," ती कुत्रीकडे बघत म्हणाली. "अजून उजेड आहे."

आणि मुलीच्या पुढे होऊन, काटे चुकवायचंही विसरून, ती चढ चढायला लागली.