कमानीतला ओला चुना

सप्टेंबरअखेरचा सेंट मायकेलचा सण उलटला की इंग्लंडातल्या एसेक्समधला कुठलाच गवंडी विटेला चुना लावत नाही. अर्धवट भिंतीवर पेंढा टाकायचा, शेण थापायचं आणि थंडी सरेपर्यंत घरी बसायचं. अँब्रोझ टायने हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि यंदा त्यानेच, लग्नाआधी दार मोकळं व्हावं म्हणून, नोव्हेंबरात चर्चच्या दक्षिण दारापुढच्या देवडीची कमान बांधली. पोटच्या पोरीपायी माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

त्या पोरीला, सिसलीला, पाचवा महिना होता. तिचा जाइल्स पोरगा चांगला, पण सोमवारी जहागीरदाराच्या तुकडीबरोबर समुद्रापलीकडे कॅलेच्या गढीवर लढायला निघायचा होता, आणि तिकडून कोण परत येतं? उद्यापासून ॲडव्हेंट, नाताळाआधीचे व्रताचे दिवस, म्हणजे लग्नं बंद. लग्न आज झालं तर झालं, नाहीतर मूल जन्मभर अनौरस.

आणि आणाभाका घ्यायच्या त्या चर्चच्या दारातच. दारापुढे ही देवडी, तिच्या कमानीखाली चुना वाळेपर्यंत ती तोलून धरणारा लाकडी साचा आणि टेकूंची गर्दी. गाव महिनाभर त्यातून रांगत आत जात होतं.

"उत्तरेचं दार उघडा ना, फादर," अँब्रोझने टोपी काढून विनवलं.

"सैतानाच्या दारातून नवरी नेऊ?" पाद्री कडाडला. "ते बारशाला उघडतो, तेही त्याला हाकलायला! आणि टेकूंमधून रांगत येणाऱ्यांचं लग्न मी लावणार नाही. शेळ्या आहेत का त्या? कमान झालीये ना? मग काढ तो साचा."

अँब्रोझचा जोडीदार हंफ्री त्याला बाजूला घेऊन गेला. त्याने विटांमधली दरज नखाने खरवडली. "हा चुना वाळलेला नाही रे, नुसता गोठलाय. ऊन लागलं की लोणी होईल."

"म्हणून तर आत्ता. उन्हाच्या आत उरकू."

"तुला वेड लागलंय."

"लागलंय. साच्याखालच्या पाचरी ठोकून काढ."

पाचरी निघाल्या, साचा उतरला. कमान बोटभर खाली बसली आणि थांबली. हंफ्रीने छातीवर क्रूस काढला.

भट्टीत जास्त भाजून निळ्या पडलेल्या विटांची नक्षी कमानीवर होती, अँब्रोझच्या हातची. तिच्याखाली सिसलीने जाइल्सचा हात धरला. एकुलत्या पोरीचं लग्न, पण अँब्रोझने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्याची नजर कमानीच्या माथ्यावर. तिच्या केसांत चिमूटभर वाळू पडली. मग जाइल्सने अंगठी घातली. झालं. लग्न झालं!

मंडळी प्रार्थनेला आत निघाली. तेवढ्यात ऊन झाडावरून देवडीवर आलं. एक थेंब पडला, मग दुसरा. शेवटच्या म्हाताऱ्या उंबऱ्यात असताना माथ्याची वीट सरकली. अँब्रोझने हाताशी आलेला टेकू कमानीखाली रोवला आणि ओल्या दगडावर घसरणाऱ्या त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसला. म्हाताऱ्या आत गेल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हंफ्री साचा घेऊन धावला. पण कमान खचली होती. साचा आत जाईना.

"सोड आणि पळ!"

"सोडलं तर दोन पावलंही जाता येणार नाही मला. दक्षिणेचं दार आतून लावून घे. सगळ्यांना उत्तरेने बाहेर काढ."

"फादर ऐकायचा नाही."

"त्याला सांग, सैतान आज या दारात बसलाय."

हंफ्री रडतच आत गेला. आतून अडसर पडला. अँब्रोझने टाचा दगडांच्या फटीत रोवल्या. मरायची त्याला भीती वाटत होती, फार वाटत होती. बऱ्याच वेळाने पलीकडे गंजलेली कडी करकरली आणि माणसं बाहेर पडली. पायांचे आवाज चर्चला वळसा घालून येऊ लागले.

"बाबा?" कोपऱ्यापलीकडून सिसलीची हाक आली. "या ना! तुमच्याशिवाय कुणी लग्नाच्या पेल्याला हात लावत नाहीये."

"आलोच गं पोरी," तो म्हणाला. "तू हो पुढे." आणि मग, पाठीमागचा टेकू सरकू लागताच, होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून तो ओरडला, "हंफ्री, तिला धर!"