यादीबाहेरची आत्या

आत्या दुपारी साडेचार वाजता माझ्या टेबलापाशी आली आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीची किल्ली तिने थेट माझ्या कीबोर्डवर ठेवली.

"घे बाबा. पासवर्ड तीनदा टाकला, चालत नाही. म्हातारीला काढायचंच होतं, तर तोंडाने सांगायचंस."

दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवणारं आमचं वाचनालय. वडिलांची ही थोरली बहीण इथे एकोणीस वर्षं वाचते आहे. इथले संगणक मी सांभाळतो, तेही तिने शब्द टाकला म्हणून.

"मी कशाला काढेन? स्क्रिप्टने केलं असेल," मी म्हणालो. जणू ती शेजाऱ्यानेच लिहिली होती!

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी. आवाजाच्या चाचणीपुरते येऊन गेलेल्यांच्या फायलींनी जागा अडवली होती, म्हणून मी ती सकाळी सुरू केली होती. 'वाचक' गटाच्या यादीत ज्याचं नाव नाही त्याचं खातं बंद करायचं, आणि पाच वाजता त्याची ध्वनिमुद्रणं पुसून टाकायची. दुसरी प्रत ठेवायला जागा नव्हतीच.

मी यादी उघडली. चौतीस नावं. वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

"तुझं नाव खरंच नाही गं."

"मग नसेल." तिने चष्म्याची डबी पिशवीत टाकली. "सांभाळून राहा. चहा कमी पी."

भांडली असती तर बरं वाटलं असतं. चार चाळीस झाले होते.

"आत्या, पाच मिनिटं बस."

"बसले असते, पण कोण म्हणून बसू?"

मी आधी स्क्रिप्ट थांबवली. मग सकाळीच करायला हवं होतं ते केलं. एखादं खातं कोणत्या गटात आहे ते सांगणारी 'आयडी' ही साधी आज्ञा दिली आणि पुढे तिच्या खात्याचं नाव टाकलं. संगणकाने एकाच शब्दात उत्तर दिलं: वाचक.

मी कपाळावर हात मारला. प्रत्येक खात्याला जन्मतःच एक मूळ गट मिळतो, आणि तो त्या खात्याच्याच नोंदीत असतो. गटाच्या यादीत येतात ते मागाहून जोडलेले. हा संगणक आला तेव्हा वाचणारी आत्या एकटीच होती, म्हणून 'वाचक' हाच तिचा मूळ गट झाला. बाकीचे चौतीस नंतर आले. गटाला मी विचारलं होतं, तुझी माणसं कोण? आत्याला मात्र विचारलंच नव्हतं, तू कुणाची?

"म्हणजे मी आहे का नाही?" तिने उभ्यानेच विचारलं.

"तू आधीपासून आहेस, म्हणून यादीत नाहीस."

"कसलं रे तुझं हे शास्त्र!" ती म्हणाली, पण बसली.

मी तिचं खातं पुन्हा सुरू केलं आणि स्क्रिप्टमधली ती ओळ बदलली. आता यादी न चाळता प्रत्येक खात्याला 'आयडी'नेच विचारायचं. पुन्हा चालवली, या वेळी काहीही न पुसता, नुसती नावं दाखवायला सांगून. बाहेरचे नऊ निघाले. नऊही मी एकेक करून तिला वाचून दाखवले.

"सातवीपाशी थांब," आत्या म्हणाली. "ती चाचणीलाच आली होती, पण एक अख्खी कथा वाचून गेली. गोड वाचते. पुसू नकोस."

मी सातवीला गटात जोडलं.

आत्याने कीबोर्डवरची किल्ली उचलली. "तेरावं प्रकरण राहिलंय. दार ओढून घे, तुझ्या टकटकीचा आवाज येतो आत."