कोणता घाट?

"काका, घाटच नसेल तर समुद्रापासून निघायचं तरी कशाला? मग रिंग रोडलाच चकरा मारू ना!" असं म्हणून श्वेताने नकाशावरची डाळीची वाटी उचलून बाजूला ठेवली. वाटीखाली सगळं कोकण दडलं होतं.

रविंद्रभाऊ गजभियेंना तिचं पटलं. अडचण एवढीच की थोड्या वेळापूर्वी त्यांना संघपालचंही पटलं होतं. संघपालचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने बारीक. सपाटीवर तो भल्याभल्यांना मागे टाकायचा, पण चढ आला की उतरून सायकल ढकलायचा. त्याचं म्हणणं होतं की सुरतेकडून निघू, तापीच्या बाजूबाजूने येऊ, मोठा डोंगर लागणारच नाही. श्वेताचं म्हणणं होतं की त्या रस्त्यावर ट्रकांच्या धुराशिवाय काही नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि समोरची दोन्ही माणसं खरं बोलू लागली की रविंद्रभाऊंचं डोकं चालेनासं होत असे.

अरबी समुद्रात चाक बुडवून निघायचं, नागपुरावरून जायचं आणि बंगालच्या उपसागरात चाक बुडवून थांबायचं, असा या चौघा सायकलमित्रांचा बेत होता. रस्ता निवडायचं काम रविंद्रभाऊंच्या गळ्यात पडलं, कारण हिंगण्याच्या कारखान्यात कंपनीच्या बसचा रूट जन्मभर त्यांनीच ठरवला होता. तो रूट कसा होता, हे मात्र कोणी विचारलं नाही. ती बस कोणालाच मागे सोडत नसे. त्यामुळे तो रूट मारुतीच्या शेपटासारखा लांबत गेला आणि शेवटी कामगार मोटरसायकलींवर बसच्या आधी पोचू लागले.

चौथे चंपतराव. पोस्टातून रिटायर झालेले, पासष्टी उलटलेले, छातीत स्प्रिंग बसवलेले, आणि समुद्र कधीच न पाहिलेले. मूळ कल्पना त्यांचीच. "नागपूरच्या मानसाले दोन्ही समुद्र दूरच पडतात गा," ते म्हणाले होते. "मग एकच काहून पाहाचा? दोन्ही पाहू." डॉक्टरांनी सायकलला हो म्हटलं होतं, चढाला नाही. बायकोला, म्हणजे जिजाबाईंना, त्यांनी मित्रांसोबत समुद्र पाहायला चाललो एवढंच सांगितलं होतं. कशावर बसून जाणार, ते सांगितलं नव्हतं.

चंपतरावांशिवाय जायचं नाही, एवढं रविंद्रभाऊंचं पक्कं होतं. बाकी सगळा घोळ होता. नकाशावर त्यांनी इतक्या रंगांच्या रेघा ओढल्या होत्या की त्यांची बायको कौसल्याबाई त्याला गोधडी म्हणू लागल्या होत्या.

रविवारी सकाळी चहा पिता पिता त्यांनी चौघांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. "श्वेता, संघपाल, ऐका. बाकी सगळं जमते. पन आपल्या चंपतरावांले कोनत्या घाटानं न्यायचं, तेच ठरून नाही राहिलं. त्याहीच्या छातीचं तर तुम्हाले माहीतच आहे. आता सगळ्याहीनं मिळून न्यायचं, कोनी मांगं राहायचं नाही. जिजावहिनीले अजून काही सांगतलं नाही. तिले मीच सांगीन, हळूच."

चंपतराव तेव्हा वाठोड्याकडे सायकल मारायला गेले होते. फोन घरी चार्जिंगला होता. रविंद्रभाऊंचं नाव दिसलं म्हणून जिजाबाईंनी त्यावर बोट दाबलं.

पुण्या-मुंबईकडे घाट म्हणजे डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. नागपुरात घाटावर न्यायचं ते एकदाच. कोणी गेल्याची बातमी आली की लोक पहिल्यांदा 'कोणता घाट?' हेच विचारतात, म्हणजे कुठे पोचायचं ते कळतं. रविंद्रभाऊही नागपूरचेच, पण श्वेतासोबत नकाशात डोकं घालून घालून त्यांचा घाट पार सह्याद्रीत जाऊन बसला होता.

थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. पलीकडे चंपतरावांचा भाचा दुर्गेश होता.

"काका, कोनता घाट?"

"तेच तर ठरून नाही राहिलं गा!" रविंद्रभाऊंना बरं वाटलं, पोरगा आपणहून लक्ष घालतो आहे. "तुले काय वाटते?"

"मामी तर बोलाच्या स्थितीत नाही. शेजारचे म्हनतात गंगाबाई."

"गंगाबाई? तो कोन्या जिल्ह्यात येते?"

दुर्गेशने फोन ठेवला. रविंद्रभाऊ चष्मा लावून रायगड जिल्ह्यात गंगाबाई शोधू लागले. कौसल्याबाई पालक निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"गंगाबाई घाट? कोन गेलं हो?"

रविंद्रभाऊंनी बायकोकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि चपला न घालता दोन गल्ल्या पलीकडे धावत सुटले.

त्यांच्या आधी चंपतराव घरी पोचले होते. दारात चपलांचा ढीग पाहून त्यांनी सायकल हळूच स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, बूट काढले आणि हातात मेथीची जुडी घेऊन पुरुषांच्या रांगेत शेवटी जाऊन बसले. शेजारचे गणपतराव मान खाली घालून बसले होते.

"कोन गेलं गा?" चंपतरावांनी हळू आवाजात विचारलं.

"चंपतराव," गणपतराव मान वर न करता म्हणाले.

"कोनता चंपतराव?"

"आपला. पोस्टातला."

"असं कसं? सकाळी तर चांगला होता!"

"छातीचंच होतं ना बाप्पा."

चंपतरावांनी आपली छाती चाचपून पाहिली. तेवढ्यात कोणीतरी किंचाळलं, गणपतरावांनी मान वर केली आणि ते बसल्या जागी मागे सरकले. रविंद्रभाऊ फाटकातून ओरडतच आले, "डोंगरातला घाट, वहिनी, डोंगरातला!" मग हसण्याचा एकच गोंधळ उडाला. गणपतराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कोणीतरी सगळ्यांसाठी चहा ठेवला.

चंपतराव हसले नाहीत. आतल्या खोलीत जिजाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळावरचं कुंकू पुसलेलं, पण नीट नव्हे. लाल पट्टा कानशिलापर्यंत ओढला गेला होता. दोन बांगड्या काढून मांडीवर ठेवलेल्या. बाकीच्या निघाल्या नसाव्यात. नवरा समोर येऊन उभा राहिला तेव्हा त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत.

"मेथी आनली का?" त्यांनी विचारलं.

चंपतरावांनी जुडी त्यांच्या हातात दिली.

सायकलचा सगळा बेत मग बाहेर आलाच. जिजाबाईंनी अडवलं नाही. "जा ना. मी काहाले अडवू?" एवढंच म्हणाल्या आणि मेथी निवडायला बसल्या.

संध्याकाळी चौघं रविंद्रभाऊंकडे जमले. रविंद्रभाऊ दिवसभर अपराध्यासारखे बसून होते, पण त्या बसण्यात त्यांनी नकाशावरच्या बाकी सगळ्या रेघा खोडून एकच ठेवली होती. सुरतेकडून, सपाट रस्ता. श्वेतानेही मान हलवली होती. "चालेल काका. ट्रक तर ट्रक." इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं होतं.

चंपतरावांनी नकाशा आपल्याकडे ओढला. खोडलेल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "घाटानंच जा. या पोरीले डोंगर पाहू दे. संघपाल ढकलन, अन् तू त्याच्यासंगं ढकल."

"अन् तुम्ही?"

"मी नाही येत."

"आता काहून?" रविंद्रभाऊंचा पुन्हा घोळ झाला. "आता तर चढ नाही कुठीच. तुमच्यासाठीच हा रस्ता काढला ना!"

"रस्त्याची गोष्ट नाही गा." चंपतराव नकाशाची घडी घालू लागले. ती नीट पडेना. "आपुन गेल्यावर आपली बायको कशी दिसन, हे कोन्या मानसाले पाहाले भेटते? मले आज भेटलं. आता तिले घरी ठेवून कसा जाऊ?"

रविंद्रभाऊंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. सगळ्यांना बसवून नेणारा रूट त्यांना जन्मात पहिल्यांदा सापडला होता, आणि ज्याच्यासाठी काढला तोच चढायला तयार नव्हता.

डिसेंबरात निघायच्या सकाळी तिघं सायकली घेऊन स्टेशनवर जाताना चंपतरावांच्या दारी थांबले. पोर्चमध्ये चंपतरावांची सायकल उभी होती. पुढचं चाक काढलेलं, आणि पुढचा भाग पालथ्या बादलीवर टेकवलेला. चाक चंपतरावांच्या हातात होतं. रविंद्रभाऊंची आणि त्यांची सायकल एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेली, एकाच मापाची.

"हे तुझ्या सायकलले लाव," ते म्हणाले. "दोन्ही समुद्रात बुडवजो. याले तरी पाहू दे."

रविंद्रभाऊंनी चाक बदललं. आपलं काढलेलं चाक चंपतरावांच्या सायकलला लावायला ते वाकले, तर चंपतरावांनी त्यांचा हात धरला. "राहू दे, भिंतीशी ठेव. तू आला का बदलू. तोवर मले कुठी जायचं आहे?"

जिजाबाई आतून करंडा घेऊन आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. प्रवासाला निघालेल्या गाडीला लावतात तसं त्यांनी नवऱ्याच्या त्या चाकाला हळदीकुंकू लावलं, आणि उठता उठता विचारलं,

"मग, रविंद्रभाऊ, कोनता घाट?"

"ताम्हिणी, वहिनी."

"ताम्हिणी," त्यांनी नाव म्हणून पाहिलं. "नीट न्या बरं."

तिघं निघाले. कोपऱ्यावर वळताना रविंद्रभाऊंनी मागे पाहिलं. चंपतराव पोर्चमध्ये आपल्या सायकलपाशी उभे होते, दोन्ही हात हँडलवर ठेवून, आणि जिजाबाई बादलीवरची धूळ पदराने पुसत होत्या.