ओसरत्या पाण्याचे वळण

भाद्रपद सरत आला होता. कृष्णेच्या पात्रावरचा तांबूस उन्माद उतरला होता; आणि त्या उतरत्या पाण्यावर उतरतीचे ऊन, शिणलेल्या सुवर्णासारखे, संथ डुलत होते.

काठावरची माणसे मात्र निश्चिंत नव्हती. चढत्या पाण्याचा क्रोध दिसतो. ओसरत्या पाण्याचा दिसत नाही. पूर असतो तोवर काठाला पाण्याचाच खांदा असतो. पूर जातो, खांदा जातो, आणि आतून भिजलेली, जडावलेली, निराधार माती आपल्याच भाराने कोसळते.

इथे नदी वळते. विळ्यासारखी वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभी, काळीभोर, झिजत चाललेली दरड. आतल्या अंगाला मऊ, ओली, वाढत चाललेली गाळाची मळी. तिकडे तुटते, इकडे साचते. तिकडे तुटते, इकडे साचते.

दरडीवर नीलव्वाचे माहेर. मळीवर तिचे सासर.

दरडीच्या टोकाशी एक बेल होता, आणि बेलाखाली तिचे वडील होते. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे शेतातच, भस्म लावून, मांडी घालून, बसवून पुरलेले. पाठ घराकडे, मुख नदीकडे. या काठावर धुणे धुताना नीलव्वा मान वर करी. त्या बसलेल्या आप्पांची नजर पाण्यावरून चालत येते आणि आपल्या ओल्या हातांवर थांबते, असे तिला वाटे.

यंदाच्या पुराने बेलाची मुळे उघडी पाडली होती. पोकळीत ती लोंबत होती, काही तरी चाचपडणाऱ्या वृद्ध बोटांसारखी.

त्या दुपारी तिचा भाऊ मलगोंडा काहिलीतून आला. गूळ कढवायची ती रुंद, उथळ कढई. पुराच्या दिवसांत त्या गावांची तीच नाव होई. पाय चिखलाने भरलेले, डोळे जागरणाने. तो खाली बसला नाही.

"दाजी, तुमच्या मळीवरचा तेवढा लव्हाळा काढा. त्यो गाळ धरतोय, आन् धार समदी आमच्या अंगावर येत्या. पाणी आप्पाच्या मांडीपातूर आलंय."

नीलव्वाचा नवरा सिद्राम बैलाच्या वशिंडावरून हात फिरवीत होता. "मग समाधी हलवा की, पाव्हणं."

"मठाचं स्वामी न्हाई म्हणत्यात. बसल्याला उठवायचं न्हाई."

"म्हंजे नदीला उठवायचं?" सिद्राम हसला. "सासऱ्यानं लग्नात हात आखडला, आता नदीच्या हातनं आंदण धाडतोय. येतंय तर येऊ द्या! आन् लव्हाळा काय म्या न्हाई लावला. तुमच्या बहिणीनं लावलाय. इचारा तिलाच."

मलगोंडाने बहिणीकडे पाहिले. तो काहिलीकडे वळला. काहील परत फिरली; धारेत सापडून गरगरत, कशीबशी, पलीकडे गेली.

खरेच होते ते. लग्नाच्या वर्षापासून, पूर ओसरला की, नीलव्वाच ओल्या गाळात लव्हाळ्याचे ठोंब रोवी. त्या हिरव्या पात्यांत गाळ अडे, गाळावर वांगी डवरत, सासर सुखावे. आणि अडलेले, आखडलेले, पात्रात दाटलेले पाणी पलीकडच्या काठाकडे झुके. हे तिला आजवर कोणी सांगितले नव्हते. ठोंबाठोंबाने, पावसाळ्यापावसाळ्याने, तिने नदीला माहेराच्या दाराशी नेले होते.

पदर खोचून ती पाण्यात उतरली.

ती लव्हाळा उपटू लागली. पात्यांच्या धारेने तळवे चिरले. मुळे सुटेनात, मुळांना माती बिलगलेली होती, काळी, चिकण, माहेरची माती. एकेक ठोंब उपटला की ती सुटे, पाण्यात पसरे, निघून जाई.

"अगं, मूठ मूठ उपटून नदी सरकत्या व्हय?" सिद्राम काठावरून ओरडला. मग त्याचा आवाज उतरला. "नीले, ये भाईर. पाणी गार हाय."

ती आली नाही. ऊन कलले. अर्धी रांग उघडी झाली.

तेव्हा पलीकडून एक आवाज झाला. गडगडाट नव्हे, दिवसभर वाहिलेले ओझे कोणी खाली टाकावे, तेवढाच. दरडीचा बेलाखालचा भाग सरळच्या सरळ खाली उतरला. बेल क्षणभर पाण्यावर ताठ उभा राहिला, जणू बसलेला उठला. मग कलला. एक लाट पात्र ओलांडून आली आणि नीलव्वाच्या कमरेला लागली.

सकाळी बेल मळीवर होता. जिथे तिने लव्हाळा उपटला होता, तिथून तो अडथळ्यावाचून तरंगत आला होता, आणि जिथे लव्हाळा उरला होता, तिथे पात्यांनी त्याला धरले होते. पाने अजून हिरवी होती. भोवती नवा गाळ. काळा, तुळतुळीत, अस्पर्श.

सिद्राम काठाशी थबकला. त्याने वहाणा काढल्या. "हितं नांगर घालत न्हाई म्या," एवढेच म्हणाला.

मलगोंडा काहिलीतून उतरला, गुडघाभर गाळात उभा राहिला.

"आक्का, ह्यात आप्पा कुठं हाईत?"

नीलव्वा तिथेच, गाळात, मांडी घालून बसली. समोर ओली, ताजी, बेलावाचूनची दरड होती. आणि दरडीमागे, आता फार मागे नव्हे, मलगोंडाचे घर.

"आता घराची पाळी," तो म्हणाला. "ऱ्हायलेला लव्हाळा..." आणि बेलाकडे पाहून थांबला.

लव्हाळा राहिला, तर भावाचे घर जाणार. लव्हाळा गेला, तर या गाळासकट आप्पा पुन्हा वाहून जाणार.

नीलव्वाची चिरलेली मूठ एका ठोंबाभोवती आवळलेली होती. ती उपटीत नव्हती. ती सोडीत नव्हती. आणि त्या मुठीभोवती, निवळत्या, निष्पाप, नितळ पाण्याखालून, कणाकणाने, पलीकडची माती येतच होती.