फोन उचलणारी पोरगी

मी माइक बोलतोय. आता तुम्ही म्हणाल, माइकने बोलण्यात नवल ते काय! नवल आहे हो. गाडी कुठे घसरली, कुत्रं कुणाचं सुटलं, कोण दारू पिऊन चर्चच्या पायरीवर झोपलं, सगळं गेली कित्येक वर्षं माझ्यातून गेलं. पण त्यात माझं स्वतःचं एक अक्षर नव्हतं. आज पहिल्यांदाच माझं मी बोलतोय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

पेन्सिल्व्हेनियात नदीच्या वळणावर कोल्सन्स बेंड नावाचं गाव आहे. तिथल्या नगरपरिषदेच्या तळघरात पोलिसांची कंट्रोल रूम आहे आणि तिथल्या टेबलावर मी असतो. माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. जाड लोखंडी बूड, वर वाकणारी मान, पुढे दाबायची एक पट्टी. पट्टी दाबली की बोलणं प्रत्येक पोलीस गाडीत पोहोचतं, सोडली की मी मुका. मी आलो तेव्हा नदीकाठचा पोलादाचा कारखाना रात्रंदिवस धडधडत असायचा. पुढे तो बंद पडला. अर्धं गाव रिकामं झालं. मी मात्र चालूच राहिलो, कारण कारखाना असो नसो, माणसं भांडायची थोडीच थांबतात!

माझी पहिली मालकीण डोलोरेस. तोंडात कायम पेपरमिंटची गोळी आणि हातात स्वेटरच्या सुया. नवीन कुणी शिकायला आलं की ती म्हणायची, "आवाज खाली ठेव. तू घाबरलीस की रस्त्यावरचा माणूस दुप्पट घाबरतो." तिच्या हाताखाली शिकलेल्या एकीनेही मला ओरडून वापरलं नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

वर जिन्यात आमच्या बड्या साहेबांचे फोटो लावलेत. प्रत्येकाच्या खाली कारकिर्दीची पाटी आहे: अमुक साली भरती, तमुक साली सार्जंट, अमक्या पदकाचे मानकरी. नवीन पाटी आली की कंट्रोलवरची बाई ती खाली आणून मोठ्याने वाचते आणि मला हसू आवरत नाही. कारण पाटीवर जे नसतं, ते नेमकं माझ्या पोटात असतं.

आमचे चीफ अँडी साबोल यांचंच घ्या. भरती होऊन आठवडाही झाला नव्हता, एका चोरामागे पळता पळता त्यांनी मदत मागितली. डोलोरेसने विचारलं, "कुठे आहेस?"

"तेरेझा मावशीच्या घरासमोर!"

"कुणाची मावशी?"

"माझी!"

"अरे बाबा, रस्त्याचं नाव सांग!"

"मावशीच्या रस्त्याचं नाव कुणाला ठाऊक असतं?"

चोर अर्थातच पळाला. पण आजही त्या कोपऱ्याला वायरलेसवर 'मावशी' म्हणतात. नव्या भरतीच्या पोरांना वाटतं, हा खात्याचा काहीतरी गुप्त शब्द आहे.

दुसरे कॅप्टन डॉम व्हॅकारो. एकदा त्यांच्या गाडीतल्या वायरलेसचं बटण जेवणाच्या डब्याखाली दाबलं गेलं आणि सासूबाईंच्या हातच्या खिम्याच्या गोळ्यांबद्दलचं त्यांचं मत सगळ्या गावाने ऐकलं. गावाने म्हणजे खरोखरच गावाने. इथे म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी, फ्रिजवर एक छोटा रेडिओ असतो. त्यावर पोलिसांचं बोलणं ऐकत भाजी चिरणं हा त्यांचा विरंगुळा. सासूबाईंकडेही तो होताच. त्या रविवारी कॅप्टनसाहेबांच्या ताटात नुसता पाव पडला म्हणतात.

आणि तिसरी लेफ्टनंट पॉलेट हुडाक. ती माझी.

माझी म्हणजे, एकोणीस वर्षांची असताना ती डोलोरेसच्या शेजारी येऊन बसली. बापाची कारखान्यातली नोकरी गेली होती, घरात कुणीतरी कमावणं भाग होतं. चार वर्षं तिने हे टेबल सांभाळलं. मग परीक्षा देऊन ती पोलिसात गेली. गस्तीवर उन्हापावसात फिरली, सार्जंट झाली, लेफ्टनंट झाली. वायरलेसवर चीफचा नंबर एक, तिचा चार. पण दुपारचा डबा खायला अजून तळघरातच यायची. डोलोरेस गेल्यावर तिच्या खुर्चीत मार्लीन आली होती. मार्लीन आणि पॉलेट म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या.

गेल्या हिवाळ्यात साबोलसाहेबांनी निवृत्ती जाहीर केली. चीफची खुर्ची काही रोज रिकामी होत नाही. नगरपरिषदेने दोघांना बोलावलं. एक पॉलेट आणि दुसरे मोठ्या शहरातून आलेले ब्रेंट हॉलिस्टर. हॉलिस्टर पन्नाशीच्या आतले होते. एकदा बसले असते तर पॉलेटच्या निवृत्तीपर्यंत उठले नसते. आत्ता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोघांनी आपली कारकीर्द एका कागदावर लिहून आणायची आणि सभेत वाचायची, असं ठरलं.

बुधवारी पॉलेट कागद घेऊन खाली आली आणि तिने तो मार्लीनला वाचून दाखवला. गस्तीपासून सुरुवात, लेफ्टनंटपाशी शेवट.

"आणि त्याआधी?" मार्लीनने विचारलं.

"आधी काय?"

"आधी तू आभाळातून पडलीस का?"

पॉलेट हसली नाही. "मार्लीन, त्या हॉलिस्टरकडे दोन पदव्या आहेत. शेकड्यांनी माणसं हाताखाली होती. माझ्या कागदावर पहिलीच ओळ 'फोन उचलत होते' अशी आली, तर गॅरी बेनेदेत्ती तिथल्या तिथे खिदळेल. माहितीय ना तो?"

गॅरी बेनेदेत्ती म्हणजे नगरपरिषदेचे अध्यक्ष. फर्निचरचं दुकान आहे त्यांचं. कुणालाही तोंडावर पाडून बोलायची भारी हौस.

"म्हणजे मी इतकी वर्षं इथे माशा मारतेय म्हण ना," मार्लीन म्हणाली.

"तसं नाही गं म्हणायचंय मला."

"तसंच म्हणायचंय तुला. डबा उचल तुझा. इथे फोन उचलणाऱ्या बायका बसतात, लेफ्टनंटसाहेब."

तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी घरात पाणी शिरलं होतं. मार्लीनने अगदी मऊ आवाजात पत्ता विचारला. पॉलेटने कागदाची घडी केली आणि ती निघून गेली. मला फार वाईट वाटलं. दोघींचंही खरं होतं, आणि मधे बोलायची सोय मला नव्हती.

शुक्रवारी साबोलसाहेबांचा शेवटचा दिवस. आमच्यात एक रीत आहे. निवृत्त होणारा आपल्या गाडीत जाऊन बसतो, कंट्रोलवरून त्याच्या नंबरने त्याला हाक मारतात, तो उत्तर देतो. मग त्याची सगळी नोकरी वायरलेसवर वाचून दाखवतात आणि त्याला मोकळं करतात. पण हीच हाक पोलीस वारला तरीही देतात. तेव्हा ती तीनदा देतात. उत्तर येणार नसतंच. तीनदा शांतता ऐकायची आणि मग वाचायचं. गावात लहानथोरांना हे ठाऊक आहे.

संध्याकाळी बाहेरच्या आवारात सगळं खातं कडक गणवेशात उभं होतं. नगरपरिषदेची मंडळीही होती. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये माशाचं जेवण चाललं होतं, तिथेही कुणीतरी रेडिओ लावला होता. मार्लीन माझ्यासमोर कागद घेऊन बसली. आणि दारातून पॉलेट आत आली.

"तू इथे काय करतेस? जागा बाहेर आहे तुझी," मार्लीन म्हणाली. बुधवारपासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"मला रडू येतंय. नगरपरिषदेसमोर रडायचं नाहीये मला."

"मग रड इथे. इथे चालतं."

मार्लीनने पट्टी दाबली. "कंट्रोलकडून एकला."

उत्तर आलं नाही.

"कंट्रोलकडून एकला."

पुन्हा काही नाही. साहेब गाडीत रडत रुमाल शोधत होते, हे नंतर कळलं. पण मार्लीनची मात्र पाचावर धारण बसली. तिसरी हाक दिली आणि तीही रिकामी गेली, तर जिवंत माणसाला वर पोहोचवल्यासारखंच की ते! न देऊन तरी कसं चालेल? तिची बोटं माझ्यावर तशीच थिजली.

पॉलेट पुढे वाकली आणि तिने पट्टी दाबली. नंबर नाही, कंट्रोल नाही, काही नाही. अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "चीफ, घाई नाही. मी आहे इथे."

भोंग्यातून आधी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग साबोलसाहेब म्हणाले, "कोण? पॉलेट? परत त्या खुर्चीत बसलीस होय?"

"खुर्चीत मार्लीन आहे. मी उभी आहे."

"पुराच्या वेळी पुलावर माझी गाडी अडकली होती, तेव्हाही हेच म्हणाली होतीस. घाई नाही, मी आहे इथे. मी म्हटलं, अगं पोरी, पाणी गुडघ्याला लागलंय, तुला नसेल पण मला आहे घाई!"

बाहेरचं हसणं तळघरात ऐकू आलं. मग मार्लीनने सगळी कारकीर्द वाचली, एकदाही न अडखळता, आणि शेवटी म्हणाली, "एक, तुमची ड्यूटी संपली. इथून पुढे आम्ही बघतो."

"सांभाळा पोरांनो," साहेब म्हणाले.

पण गंमत अशी झाली की दुसरी हाक रिकामी गेल्याबरोबर निम्म्या गावाने रेडिओ बंद करून अंगात कोट चढवले होते. साबोलसाहेब बायकोला घेऊन घरी पोहोचले तर पायऱ्यांवर शेजारणी उभ्या. कुणाच्या हातात भाजलेला मासा, कुणाच्या हातात केक, कुणाच्या हातात जपमाळ. साहेबांनीच कुलूप काढलं आणि म्हणाले, "आत या. मी मेलोय, पण भूक लागलीय."

एक बाई मात्र जागेवरून हलली नव्हती. फिलोमेना बेनेदेत्ती, गॅरीची नव्वदीला टेकलेली आई. तिने शेवटपर्यंत ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"मधेच बोलली ती कोण गं?"

"लेफ्टनंट हुडाक," मार्लीन म्हणाली.

"ती पूर्वी फोनवर असायची?"

"चार वर्षं होती."

 मग म्हातारी म्हणाली, "सोमवारची सभा किती वाजता आहे?"

सोमवारी मार्लीनने टेबलावरच्या छोट्या टीव्हीवर सभा लावली. गावातल्या केबलवर ती दाखवतात. हॉलिस्टर आधी बोलले. माणूस चांगला होता, बोललाही मुद्देसूद. मग पॉलेट उठली. तिने कागद उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"माझी सुरुवात याच इमारतीच्या तळघरात झाली," ती म्हणाली. "कंट्रोल रूममध्ये. चार वर्षं."

मार्लीनने खुर्ची टीव्हीजवळ ओढली.

"म्हणजे तू फोन उचलायचीस," गॅरी म्हणाले.

"हो. फोन उचलायचे."

"आणि त्या जोरावर आता पोलीस खातं चालवणार?"

दोघं-तिघं हसले. पॉलेटचे कान लाल झालेले टीव्हीवरूनही कळले. मार्लीनने टेबलावर मूठ आपटली आणि मी हादरलो.

"गॅरी, उभा राहा," पहिल्या रांगेतून आवाज आला.

"आई, सभा चालू आहे."

"म्हणूनच सांगतेय. उभा राहा."

साठीचे गॅरी उभे राहिले.

"तुझे बाबा स्वयंपाकघरात कोसळले त्या सकाळी तू कुठे होतास?"

"आई, इथे कशाला ते..."

"फ्लोरिडात होतास. मासे पकडत होतास. अॅम्ब्युलन्स बर्फात अडकली होती. बाबा गेले हे मला कळलं होतं आणि फोनवरच्या पोरीलाही कळलं होतं. तरी तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, त्यांचा हात धरून बसा, मी आहे इथे. दारात माणसं येईपर्यंत ती माझ्याशी बोलत होती. मी तिचं नाव विचारलं नाही. मग जन्मभर देवाला विचारत राहिले. शुक्रवारी त्याच आवाजात तेच शब्द ऐकले आणि ओळखलं." तिने काठी पॉलेटकडे रोखली. "तू नव्हतास. ही होती. आता बस खाली आणि नीट मत दे."

तो फोन मला आठवतो. पॉलेट तेव्हा अगदी नवखी होती. फोन ठेवल्यावर डोलोरेस तिला म्हणाली, घरी जा पोरी. ती गेली नाही, कारण पुढचा फोन वाजला होता.

मतं समसमान पडली आणि निर्णायक मताची पाळी अध्यक्ष म्हणून गॅरींवर आली. मान खाली घालून ते काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," आई म्हणाली.

"हुडाक!" गॅरी ओरडले.

मार्लीन हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. तिने बाहीने डोळे पुसले, आणि फोन वाजला तो उचलला.

आता जिन्यात पॉलेटचाही फोटो लागलाय. पाटीवर पहिली ओळ आहे, 'कंट्रोल रूम, चार वर्षं'. पाटी लावली त्या दिवशी मार्लीन दोनदा वर जाऊन वाचून आली.

माझं म्हणाल तर मी थकलोय. पट्टी अडकते, आवाज खरखरतो. उन्हाळ्यात कानाला लावायचे नवे माइक येणार आहेत आणि मला जिन्यात, त्या फोटोंखाली ठेवणार आहेत म्हणे. ठेवा, माझी काही हरकत नाही. फक्त एक विनंती आहे. इतक्या वर्षांत माझी मान एका बाजूला वाकडी होऊन बसलीय, या खुर्चीत बसणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे. कुणीतरी हौशी माणूस मला पुसून, घासून ती सरळ करायला जाईल. त्याला सांगा, राहू दे तशीच.