गाऱ्हाण्यात घातलेली ओळ

सरलाने पाचवी कादंबरी सूड घ्यायला लिहिली होती, हे मालवणात कुणालाच ठाऊक नव्हतं. व्याख्यानांत ती सांगायची, की माणूस मोठ्या प्रसंगाला तोंड घासूनपुसून येतो. त्याचा खरा स्वभाव दिसतो बांगडे घासाघीस करून घेताना, एसटीत जागा धरताना, भाजी निवडताना. लोक माना डोलवत. डोलवोत बापडे! तिला या सगळ्या शहाणपणातून एकच माणूस पकडायचा होता.

तो म्हणजे भाई, तिचा चुलतभाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. चौतीस वर्षांपूर्वी सरलाचं लग्न सावंतवाडीच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. साखरपुडा झाला आणि पंधरा दिवसांत तिकडून नकार आला. सोबत त्यांना आलेलं एक निनावी पत्र. ‘मुलीला फेफरं येतं, घरचे लपवतात.’ सरलाला आयुष्यात कधी साधी चक्कर आली नव्हती. पण हे सांगणार कुणाला? पत्राखाली नाव नव्हतं, आणि बोभाटा मात्र जिल्हाभर. पुन्हा एकही स्थळ आलं नाही. पाकिटावर शिक्का कणकवलीचा, भाईची नोकरी तेव्हा कणकवलीत, आणि भाईच्या मेव्हण्याला सरलाने नुकताच नकार दिलेला. तिला याहून जास्त पुरावा नको होता.

शाळेत शिकवताना, आईचं पथ्यपाणी करताना, चार कादंबऱ्या लिहिताना ती मनात भाईला रोज उभाआडवा सोलत होती. पाचवीत तिने ते पत्रच घातलं. पण पुस्तक वाचून कुणी कबूल होत नाही, एवढं तिला कळत होतं. तिला तो सगळ्यांसमोर अडखळलेला बघायचा होता.

आमच्याकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नाही. एकाने देवाला हाक मारून मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते आपलं करायचं. गाऱ्हाणं घालावं तर भाईनेच. तेव्हा वाचनालयात प्रकाशन ठरल्यावर त्यालाच बोलावलं, आणि नारळ हातात देताना सरलाने त्याच्या मुठीत एक चिठ्ठी सरकवली.

“भाई, शेवटाक ह्येवढी ओळ घाल. कादंबरीतली आसा.”

“घालतंय गो. तुझ्यासाठी काय पण!”

पहिल्या रांगेत तिची आई काशीबाई बसली होती. ब्याऐंशी वर्षांची, पण आवाज खणखणीत. भाईने सुरुवात केली.

“बा देवा रामेश्वरा! आज ह्या लेकरान पुस्तक लिवल्यान, ता गावोगाव जांवदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत वर काशीबाईचा आवाज.

“वाचणाऱ्याचा बरा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

भाईने चष्मा लावला, चिठ्ठी उघडली. सरला त्याच्या ओठांवर नजर रोखून उभी राहिली. आता बघते, म्हटलं, कसा बोलतोस.

“आणि जेणा कोणी निनावी कागद घालून कुमारी चेडवाच्या नशिबात माती कालवल्यान आसात,” भाईचा आवाज उलट चढला, “तेच्या म्हातारपणाक पाणी पाजूक कोण उरूक नको रे म्हाराजा!”

ना अडखळला, ना घाम फुटला. शब्द शब्द चवीने म्हणाला मेला! सभागृह दणाणलं. “व्हय म्हाराजा!”

पण त्या दणक्यात एक आवाज कमी होता. सरलाने मान वळवली. काशीबाई मांडीवरच्या हातांकडे बघत गप्प बसली होती.

नारळ फुटला. लोक पुस्तकं घ्यायला मागच्या टेबलाकडे वळले. सरला आईसमोर जाऊन उभी राहिली.

“आई, काय झाला?”

काशीबाई मान न उचलताच म्हणाली, “ता पत्र मिया लिवलंय गो. डाव्या हातान. कणकवलीच्या बाजाराक गेलंय तेवा पेटयेत टाकलंय.”

सरलाला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. आई चौतीस वर्षं तिच्यासमोर बसून भाजी निवडत होती, आणि माणसांचे स्वभाव ओळखणारी सरला तिच्यापुढेच बसून भाईवर पानं भरत होती.

“कित्याक?”

“तुझो बापूस नुकतोच गेल्लो. तूव गेलंस आसतंस तर माका कोण होता, बाये? माका म्हातारपणात पाणी कोण देतला होता?”

भाईसाठी जपलेला सगळा राग होता तसाच होता, एका थेंबाने कमी झाला नव्हता. आई रडत होती. पदराने तिचे डोळे पुसावेत, असं सरलाच्या मनात आलंसुद्धा. तिने हात पुढे केला नाही.

“सगळ्यांनी म्हटल्यानी,” ती म्हणाली. “तूच तेवढी रवलीस. म्हण.”

काशीबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या तोंडावर दया आहे का, हे शोधलं. मग हात जोडून ती हळूच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”