एकोणिसावा रकाना

सत्यशीलानं चालू प्रोग्राम मधेच तोडला आणि जुन्या ओळी एकेक करून पुसायला घेतल्या. पुसता पुसता तोंड चालूच होतं.

"काय लिहून ठेवलंय मेल्यानं! लेकरू बरं लिहील याच्यापेक्षा."

समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या याद्या मागच्या वर्षी कुणा ऑपरेटरनं जुळवल्या होत्या. त्याचाच प्रोग्राम मेळाव्याच्या समितीतल्या देविदास गुरुजींनी यंदा तिच्या हवाली केला होता. सहाशे बारा मुलं, दोनशे सत्त्याऐंशी मुली. हा गडी काय करायचा, तर प्रत्येक मुलासाठी मुलींची अख्खी फाइल उघडायचा, पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा, बंद करायचा आणि पुढच्या मुलासाठी तीच फाइल पुन्हा उघडायचा. म्हणजे मिरचीसाठी एकदा जवळा बाजारला जायचं, घरी यायचं, आणि मग मिठासाठी परत निघायचं. पाऊण तास लागायचा, आणि एक चूक निघाली की पुन्हा पाऊण तास.

सत्यशीलानं दोन्ही याद्या एकदाच वाचल्या. जन्मतारखांची वयं केली, नावांमागचे फालतू शब्द छाटले, मग मुलींचे कुळांप्रमाणे गठ्ठे बांधले. पाणवठ्यावर दोन कळप मिसळले की तिचा भाऊ अंगद एकेका मेंढीचं तोंड बघत बसत नाही. पाठीवरचा रंग बघतो आणि बाजूला काढतो. तिनं तेच केलं. मुलगा आला की त्याच्या कुळाचा गठ्ठा बाजूला, त्याच्या आईच्या माहेरच्या कुळाचा गठ्ठा बाजूला, आणि उरलेल्यांत फक्त वय आणि अपेक्षा बघायच्या. सगळं मिळून चार सेकंद. पुण्यातल्या कंपनीत याच कामाचा तिला पगार मिळायचा, पण तिथं कधी इतकं मन लावून तिनं काही लिहिलं नव्हतं.

"झालं का उंटावरून शेळ्या हाकून?" ओसरीवर तूर पाखडत बसलेल्या आईनं, सत्यभामाबाईनं, विचारलं.

"होतच आलंय."

"आपल्या अंगदला किती पोरी निघाल्या तेवढं सांग पयलं."

सत्यशीला हसली. तिला अंगदच्या यादीची घाई नव्हती. तिला घाई होती ती एकोणिसाव्या रकान्याची.

अर्जात आधी अठराच रकाने होते. नाव, कूळ, मामाचं गाव, शिक्षण, शेती, मेंढरं किती, असले. दोन महिन्यांपूर्वी गुरुजी काम घेऊन आले, तेव्हा ती त्यांच्या तोंडावर दार लावणार होती. तीन वर्षांपूर्वी अकरा मेला हेच गुरुजी, तिच्या सोयरिकीतले मध्यस्थ, याच ओसरीवर येऊन, टोपी हातात धरून म्हणाले होते, की शिवहार गडदे लग्नाला नाही म्हणतोय. सुपारी फुटलेली, पत्रिका वाटलेल्या, चौदा तारीख धरलेली. ती आदल्याच दिवशी पुण्याहून सुट्टी काढून आली होती आणि हाताला मेंदी होती. ती मेंदी जायला तीन आठवडे लागले, आणि तेवढे तीन आठवडे तिनं हात पदराखाली धरून काढले. गावानं काय काय म्हटलं ते म्हटलंच. पुण्यात कुणासोबत राहते म्हणे, अंगावर डाग आहे म्हणे. शिवहारनं एक फोनसुद्धा केला नाही.

म्हणून तिनं गुरुजींना बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "काम करते. पण एक रकाना वाढवा. सोयरीक जमून मोडली का? कोणी मोडली, कोणत्या तारखेला? सुपारी फुटल्यावर ज्या पोरानं मोडली, आन् पोरीनं तसं लिहून दिलं, त्याला यंदा यादी मिळणार न्हाई."

गुरुजींनी बशीतला चहा फुंकला.

"पोरी, इचार करून सांग. त्यानं सगळ्याईचंच वर येईल."

"येऊ द्या की."

समितीनं नियम मान्य केला. सत्यशीलाला त्याचं फार समाधान होतं. शिवहारचं नाव शोधून हातानं पुसलं असतं तर ती चोरी झाली असती. नियमानं त्याला बाहेर काढायचं, म्हणजे न्याय. नरसीला मेळाव्याच्या मंडपात तो आईला घेऊन रांगेत उभा राहील, पुढच्याला यादी मिळेल, मागच्याला मिळेल, आणि याच्या हातावर काही नाही. लोक विचारतील, काहून बाप्पा? या एका चित्रावर ती गेले दोन महिने जेवत होती, झोपत होती.

नियम लागू व्हायला मुलीची तक्रार पाहिजे, म्हणून तिनं स्वतःचाही अर्ज भरला. अठरा रकाने कसेबसे, एकोणिसावा घोटून घोटून. लेक लग्नाला तयार झाली म्हणून आईनं शेजारीपाजारी गूळ वाटला. सत्यशीलानं वाटू दिला.

आता तिनं शेवटची ओळ लिहिली. मुलींच्या एकोणिसाव्या रकान्यातली नावं घ्यायची, मुलांच्या यादीशी जोडायची आणि जुळतील ती वगळायची. असलं कुणी लिहून देत नाही हे तिला ठाऊक होतं. मोडलेली सोयरीक मुलीकडचे झाकूनच ठेवतात. त्यामुळं वगळलेलं नाव एकच निघणार, यात तिला शंका नव्हती. तिनं प्रोग्राम चालवला.

वगळलेली नावं : २

पहिलं शिवहारचंच होतं. ते बघून तिच्या छातीत गारगार वाटलं, खोटं कशाला बोला. दुसरं होतं अंगद मसाजी पोले, मुक्काम साखरा.

तिला वाटलं, जोडणीत आपलंच काही चुकलं. तिनं मुलीचा मूळ अर्ज काढला. अंजली गडदे, जवळा बाजार. शिवहारची बहीण. मग तिला उलगडलं, कारण यात न उलगडण्यासारखं काही नव्हतंच. साटंलोटं होतं ते. ती शिवहारला, अंजली अंगदला, एकाच मांडवात दोन लग्नं. शिवहारनं मोडल्यावर आपल्या घरानंही उलट अंजलीची मोडली, हे तिला माहीत होतं. ते तिनं कधी मोडणं म्हणून धरलंच नव्हतं. ते उत्तर होतं. जशास तसं.

पण अंजलीनं तारीख लिहिली होती. आठ मे.

सत्यशीलानं दोन्ही ओळी एकाखाली एक लावल्या. वर आठ मे, खाली अकरा मे. किती वेळा वाचलं तरी आठ अकराच्या आधीच येत होता.

"आई," तिनं आवाज शक्य तेवढा साधा ठेवला, "आपण दादाची सोयरीक कवा मोडली?"

"कवा म्हंजी? त्याईनं तुझी मोडली, मंग आपण मोडली."

"तारीख सांग."

"तीन सालाखालची तारीख मला काहून याद राहील?"

"अंजलीला याद हाय. आठ मे लिहिलंय तिनं. माझी अकराला मोडली."

सुपातली तूर थांबली.

"खोटं लिहून राहिली ती."

"गुरुजींना फोन लावून इचारू?"

"नको लावू," सत्यभामाबाई झटकन म्हणाली. मग सूप खाली ठेवून पदरानं हात पुसत राहिली. "ती पोरगी अडकत बोलते बाई. अंगदच्या दोस्ताईनं फोन स्पीकरवर टाकला, तिची नक्कल केली, हसले. हा जो हट्टाला पेटला, नकोच म्हणे. तुझे बाबा कावले, मी पाया पडली. आयकला न्हाई. मंग त्याईनं बी तुझी मोडली. तुला काय सांगणार व्हते? भावाचं तोंड पाह्यलं असतं का तू?"

"म्हणून तीन वर्षं दुसऱ्याला शिव्या देऊ दिल्या मला?"

"त्यानं बी मोडलीच ना. काही देव न्हाई तो."

सत्यशीलाला आईचा राग आला. शिवहारचासुद्धा इतका कधी आला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर तिच्याच हातात दिलेला. तिनं काय काय नाही बोलून घेतलं होतं त्या माणसाला, आणि दर वेळी आई शेजारी बसून मान हलवायची, बराबर हाय बाई, बराबर हाय.

"अंगदचं नाव आत घे," आई जवळ सरकून म्हणाली. "तुझ्याच हातचं हाय. एकतीस सालाचा घोडा झाला तो. एखादी ओळ लिही काहीतरी."

"त्याच्यासाठी नियम काढला तर शिवहार बी आत येतो. नियम एकच हाय."

सत्यभामाबाईनं खाली बघितलं. पुन्हा सूप उचललं, दोनदा पाखडलं.

"मंग राहू दे," ती म्हणाली. "दोघं बी भायेरच राहू दे."

तेवढ्यात अंगद मेंढरं वाड्यात कोंडून आला. घमेल्यातलं पाणी तोंडावर मारलं, उपरण्यानं पुसलं आणि बहिणीच्या मागं उभा राहून पडद्याकडं बघायला लागला. त्याला त्यातलं काही कळत नसे, तरी बघायचा.

"सत्तू, निघाली का माझी यादी?"

"न्हाई."

"काहून?"

"अंजलीनं लिहून दिलंय. आठ मेला तू मोडली म्हणून."

आई काहीतरी बोलायला गेली. अंगदनं हातानंच तिला थांबवलं. उपरण्याचं टोक तो बोटाला गुंडाळत राहिला.

"आठ न्हाई," तो म्हणाला. "सात. गुरुजी आठला गेले सांगायला. मी सातलाच फोन करून तिला बोललो व्हतो. तिनं कमी लिहिलं."

"काय बोलला?"

"नको इचारू."

तो बाहेर गेला आणि काम नसताना वाड्याचं फाटक सोडून पुन्हा बांधायला लागला.

सत्यशीलानं पडद्यावरच्या त्या दोन ओळी पुन्हा बघितल्या. शिवहारला तिनं माफ केलं असं काही झालं नव्हतं. एक फोन त्यानं करायला पाहिजे होता, आणि ते ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. पण त्यानं बहिणीसाठी मोडली होती. भाऊ होता तो, भावासारखा वागला. आणि इथं तिच्या भावानं एका मुलीला हसता हसता टाकलं, आईनं ते गुळासारखं पोटात घातलं, आणि दोघांनी मिळून तिला दुसऱ्याच्या अंगावर सोडलं. अख्खे दोन महिने बांधलेली शिक्षा तिच्यासमोर तयार होती. ती वाया घालवायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

तिनं मुलींची यादी उघडली आणि स्वतःचा अर्ज काढला. अठरा रकाने, एकोणिसाव्यासकट, पूर्ण ओळ पुसली. आता मुली दोनशे शहाऐंशी. बाकी कशालाही हात न लावता तिनं प्रोग्राम चालवला. चार सेकंद.

वगळलेली नावं : १

शिवहार गडदेची यादी बाराव्या पानावर आली होती. सात मुलींची. ती तिनं वाचली नाही. फाइल गुरुजींना पाठवली, आणि पोचल्याची खूण येईपर्यंत मोबाइलकडं बघत राहिली.

"किती निघाले भायेर?" आईनं विचारलं.

"एक."

"एकच?" सत्यभामाबाईचा चेहरा उजळला. ती गुडघ्यावर हात टेकून उठलीच. "केलंस ना काहीतरी! मला ठाऊक व्हतं, रगत ते रगत. निघाला ना गडद्याचा?"

"न्हाई," सत्यशीला म्हणाली. "आपला."